चार बोटं वय

निसर्गाला जे करायला दोन-तीन वर्षं लागतात, ते खाणीच्या फाटकासमोरचा म्हातारा मोची एका दिवसात करून देत असे. सकाळी आईनं मूल आणून स्टुलावर बसवायचं, मोच्यानं त्याचा पाय लाकडी फर्म्यावर मापायचा, आणि दिवस मावळायच्या आत ते मूल कायद्यानं सज्ञान होऊन घरी निघायचं. जरा अडखळत, जरा बदकासारखं डुलत; पण सज्ञान.

त्याचं असं होतं की लहान मुलांना खाणीत उतरवायचं नाही असा कायदा होता. चांगला कडक होता. आता लहान कोण नि मोठं कोण हे ठरवायचं कसं? जन्माचे दाखले त्या वस्तीत कुणाकडेच नव्हते. मग वरच्या शहाण्या माणसांनी डोकं लढवलं आणि डोक्याचंच माप ठरवून टाकलं. फाटकात दोन खांबांच्या मधे एक लोखंडी दांडी आडवी बसवली. आत जाताना ज्याचं डोकं दांडीला लागेल तो मोठा. ज्याचं लागणार नाही त्यानं घरी जावं आणि वाढावं. न्याय कसा लख्ख! फक्त पायांकडेही बघावं असं त्या कायद्यात कुठे लिहिलेलं नव्हतं, आणि खाणीच्या साहेबांना न लिहिलेलं वाचायची सवय नव्हती.

म्हणून मग चार बोटं जाडीचा तळ, त्याला साजेशी टाच, आणि कुणी मुद्दाम वाकून पाहिलं तरच दिसावी अशी शिलाई. वस्तीत त्या बुटांना बूट कुणी म्हणतच नसे. ‘वय’ म्हणत. ‘‘अरे, वय घातल्याशिवाय कुठं निघालास?’’ ‘‘थोरल्याचं वय धाकट्याला येतंय का बघते, नाहीतर नवं करावं लागेल.’’ एकदा एका पोराचं डावं वय कुत्र्यानं पळवलं, तेव्हा त्याची आई त्या कुत्र्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत गल्लीभर फिरली होती. हे सगळं लोक अगदी सरळ तोंडानं बोलत. त्यामुळे मोच्याचं नाव पडलं वयवाले. नावात मान होता, आणि तो त्यांना आवडत असे.

वयवाले स्वतःही पोरवयात खाणीत उतरले होते. तेव्हा कायदा नव्हता, दांडी नव्हती. उगीच कुणी कुणाच्या उंचीची चौकशी करत नसे. कमरेला पट्टा बांधायचा, पट्ट्याला साखळी, साखळीला दगडांनी भरलेली टोपली, आणि गुडघ्या-हातांवर रांगत ती ओढायची. रांगणं नुकतंच सुटलेल्या मुलांना ते जास्त चांगलं जमतं, हे खाणवाल्यांनी फार पूर्वी हेरलं होतं. एक दिवस छताचा एक तुकडा वयवाल्यांच्या डाव्या पायावर बसला. हाड जुळलं, पण वाकडं जुळलं. पाय आखूड झाला तो झालाच. कंपनीनं मोठ्या मनानं त्यांना घरी जाऊ दिलं.

लंगडं पोर करणार काय? एका म्हाताऱ्या मोच्याच्या हाताखाली बसलं. आरी धरायला शिकलं, दोऱ्याला मेण लावायला शिकलं, आणि स्वतःच्या हातानं पहिला बूट केला तो स्वतःच्याच डाव्या पायासाठी. तळ असा जाड, की आखूड पाय लांब पायाच्या बरोबरीला यावा. तो घालून ते फाटकासमोरून सरळ चालत गेले, तर तेव्हाचे साहेब गाडीतून उतरत होते. दांडी नुकतीच बसली होती आणि साहेब तिच्यामुळे फार त्रासलेले होते. त्यांनी बूट पाहिला. मग दांडी पाहिली. मग पुन्हा बूट.

‘‘काय रे,’’ साहेबांनी विचारलं, ‘‘असाच उजव्या पायालाही केला तर?’’

या एका प्रश्नावर वयवाल्यांचं दुकान, लग्न, लेकीचं बाळंतपण, सगळं उभं राहिलं.

आणि कुणाचा समज होईल की त्यांना रात्रंदिवस टोचणी लागून राहिली असेल. छे! वयवाले स्वतःला वस्तीचे उपकारकर्ते समजत. ‘‘आम्ही अनवाणी उतरायचो,’’ ते गिऱ्हाइकांना सांगत. ‘‘पाय गेला माझा. आता बघा, एकेका पोराच्या पायाखाली चार बोटं चामडं आहे. दगडाची काय बिशाद!’’ आणि मग बूट उलटा करून तळावर टिचकी मारत. ‘‘पोरं वर्षभर घालतात, पण तळाला ओरखडा नाही. अंगठा मावेनासा होतो म्हणून परत येतात, झिजले म्हणून नाही. याला म्हणायचं काम.’’

त्यांची बायको दुकानाच्या मागच्या बाजूला दोऱ्याला पीळ देत बसायची. तिला हे पाठ झालं होतं. ती एकदा म्हणाली, ‘‘अहो, ती पोरं खाणीत चालतात की उडतात?’’

वयवाल्यांना ती स्तुतीच वाटली. त्यांनी ती गिऱ्हाइकांनाही सांगितली.

मधूनमधून शहरातून तपासनीस यायचे. फाटकाशी उभे राहून दांडीखालून जाणारी रांग बघायचे. सगळी डोकी एका रेषेत, जणू करवतीनं कापल्यासारखी. ‘‘इथली मुलं उंचीला किती एकसारखी आहेत हो!’’ एका तपासनिसांनी कौतुकानं म्हटलं. साहेब म्हणाले, ‘‘हवा चांगली आहे.’’ त्या चांगल्या हवेनं तपासनिसांना खोकल्याची उबळ आली, म्हणून त्यांनी रुमालामागून नुसती मान डोलावली, आणि जाताना वयवाल्यांकडून स्वतःसाठी एक जोड घेऊन गेले. साधा. त्यांना वयाची गरज नव्हती, पद होतं.

तर असं सगळं सुरळीत चाललं असताना एक दिवस वयवाल्यांची लेक दुकानात आली. बरोबर तिची मुलगी. या मुलीला भिंगरी म्हणत, कारण ती कुठेच सरळ चालत जात नसे; दारातून आत यायचं तरी एक गिरकी घेऊन यायची. आजीच्या खांद्याला लागेल न लागेल एवढी. आली ती थेट खिळ्यांच्या डब्यात हात घालून बसली.

‘‘बाबा,’’ लेक म्हणाली, ‘‘हिला वय करायचंय.’’

वयवाल्यांचा हात थांबला. ‘‘कुणाला?’’

‘‘हिला. मुकादम दारात येऊन गेला काल. यांच्या छातीत आता उतरायचा जोर राहिला नाही. म्हणाला, खोली कंपनीची आहे, खोलीतून कुणीतरी एक माणूस खाली उतरलं पाहिजे. नाहीतर खोली सोडा.’’

‘‘माणूस म्हणाला ना? ही काय माणूस आहे? ही...’’ वयवाल्यांनी खिळ्यांच्या डब्यातला तिचा हात बाहेर काढला. ‘‘ही दूध सांडते अजून!’’

‘‘खाली दूध नसतं बाबा.’’

‘‘मी नाही करणार.’’

तेवढ्यात मागून बायको बोलली. पीळ देता देताच बोलली, मान वर न करता. ‘‘का हो? समोरच्या धोबिणीचा मुलगा हिच्याहून दोनच बोटं मोठा होता. त्याला वय देताना तुम्ही शीळ घालत होतात.’’

‘‘तुला नाही कळायचं.’’

‘‘मला काय कळायचं? मी दोरा वळते. वस्तीतली पोरं तुमच्या चामड्यानं सुरक्षित असतात, आणि आपली तेवढी चामड्यातही सुरक्षित नाही, हे गणित शिकलेल्या माणसाचं असणार.’’

‘‘आई, तू गप बस ना,’’ लेक म्हणाली. मग बापाकडे वळून रडक्या, चिडक्या आवाजात, ‘‘तुम्ही नाही केलं तर पलीकडच्या गल्लीत एक नवा मोची बसतोय. तो कसलं करेल? पुठ्ठा भरेल मधे. चालेल तुम्हाला?’’

पुठ्ठा म्हटल्यावर वयवाल्यांच्या धंद्यालाच हात घातल्यासारखं झालं. माणसाला एखादी वाईट गोष्ट करायची असली, की ती चांगली करायची असं तो ठरवतो. मग बरं वाटतं. वयवाल्यांनी ठरवलं की असा बूट करायचा, असा करायचा, की खाणीचं छत पडलं तरी भिंगरीचा पाय शाबूत राहावा. बाकीची भिंगरी कशी शाबूत राहायची, हा विचार त्यांनी चामडं कापता कापता बाजूला सरकवला.

भिंगरीला चार बोटं पुरणार नव्हती, सहा लागणार होती. त्यांनी सहा बोटांचा तळ रचला, थरावर थर, प्रत्येक थर ठोकून. पुढे बोटांवर लोखंडी टोपी. वर पोटरीपर्यंत जाड चामडं. आणि खालच्या चिखलाची त्यांना आठवण होती; तो चिखल पायातलं खेचून घेतो आणि परत देत नाही. म्हणून घोट्यापाशी दोन पट्टे घेतले आणि त्यांना बंद न लावता पितळी रिव्हेट मारले. पायात बूट घालून ठोकले की पक्कड लावल्याशिवाय निघायचे नाहीत. ‘‘संध्याकाळी वर आलीस की मीच काढीन,’’ त्यांनी नातीला सांगितलं.

भिंगरी खूश होती. दुकानात ती आजीच्या कानाला लागत होती. ‘‘आजी, मी आता तुझी मावशी!’’ म्हणत तिनं फळीवरच्या जोडांची तपासणी केली, आणि एका कोपऱ्यात फडक्यानं झाकलेला मोठा जोड उचलला. ‘‘आजोबा, एवढ्या मोठ्या माणसाला कशाला वय?’’

‘‘ठेव तो. मुकादमांचा आहे.’’

मुकादम दिसायला बऱ्यापैकी उंच होता. दिसायला. तो आपली दुरुस्ती नेहमी मागच्या दारानं आणून देत असे.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकापाशी भिंगरीचं डोकं दांडीला लागलं. टण्ण! तिला तो आवाज इतका आवडला, की ती मागे गेली आणि पुन्हा लावून आली. रांगेतली पोरं फिदीफिदी हसली. मुकादमानं वयवाल्यांच्या पाठीवर थाप मारली. ‘‘वयवाले, ही तर घोडनवरी करून आणलीत की!’’

‘‘मुकादम, मी पण उतरतो आजच्या दिवस,’’ वयवाले म्हणाले. ‘‘नवं चामडं आहे. चावलं कुठं तर तिथंच ठोकून देईन.’’

मुकादम खुशीत होता. ‘‘या की. बघा तरी तुमचं काम कसं कामाला येतं ते.’’

उतरायच्या लोखंडी पिंजऱ्याला तिथे पाळणा म्हणत. तो खडखडत खाली गेला तेव्हा वयवाल्यांच्या पोटात तेच जुनं पोर घाबरून बसलं, आणि भिंगरी मात्र ‘‘अजून जोरात!’’ म्हणत होती. खाली एक मोकळी जागा होती. दिवा टांगलेला, भिंतींना पाणी सुटलेलं. तिथून पुढे बोगदे गेलेले, एक माणसाच्या उंचीचा आणि बाकीचे कुत्र्याच्या.

मुकादमानं टाळी वाजवली. ‘‘चला, वयं उतरवा!’’

पोरं पटापट खाली बसली. वयवाल्यांना वाटलं, बुटात खडे गेले असतील, झटकणार असतील. पण पोरांनी बूट काढले आणि भिंतीत कोरलेल्या एका लांब कट्ट्यावर ओळीनं मांडून ठेवले, देवघरात ठेवावेत तसे नीट. मग कमरेला पट्टे बांधले, आणि अनवाणी पायांचा पचपच आवाज करत एकेक जण बोगद्याच्या तोंडाशी गेला, गुडघ्यांवर बसला आणि आत दिसेनासा झाला.

वयवाले कट्ट्याजवळ गेले. सगळी त्यांचीच मुलं तिथे उभी होती म्हणायची. त्यांनी एक जोड उचलला, उलटा केला, तळावरून अंगठा फिरवला. गुळगुळीत. दुसरा उचलला. तोही. ओरखडा म्हणून नाही. इतकी वर्षं ज्या तळाची त्यांनी बढाई मारली, तो तळ फाटकापासून पाळण्यापर्यंत चालला होता आणि तिथून परत घरी. बायकोचा तो प्रश्न स्तुतीचा नव्हता, हे त्यांना त्या क्षणी, जमिनीच्या पोटात उभं असताना समजलं. हुशार माणसांना उशिरा समजतं.

शेवटी राहिलेला एक मुलगा, तोच धोबिणीचा, पट्टा बांधत होता. त्याच्या पायाला चिंधी गुंडाळलेली होती आणि चिंधीत जेवढी बोटं असायला हवीत तेवढी नव्हती.

‘‘मुकादम, बूट काढायला का लावता?’’ वयवाल्यांनी विचारलं.

‘‘घ्या! अहो, खणायचा थर माझ्या गुडघ्याएवढाच उंच आहे. चार-सहा बोटं वाढवून शिरतील कुठं? लांब माणसं तर मला हवी तेवढी मिळतात. मला आखूडच लागतात म्हणून तर हा सगळा खटाटोप.’’ मुकादम हसला. ‘‘वर कायद्याला मोठी पाहिजेत, खाली थराला लहान पाहिजेत. मधे तुम्ही आहात म्हणून दोघांचं भागतं. चल गं पोरी, काढ वय.’’

भिंगरीनं ओढलं. बूट हलेना. ‘‘निघत नाही.’’

‘‘आण इकडे.’’ मुकादमानं तिचा पाय धरला आणि ओढला. मग पाय रोवून ओढला. तिसऱ्यांदा त्याचाच पाय चिखलात सटकला आणि तो बदकन बसला. बोगद्याच्या तोंडातून दोन-तीन डोकी बाहेर आली.

‘‘हे काय करून ठेवलंय?’’ तो उठत ओरडला. ‘‘उघडा हे.’’

वयवाल्यांचा हात खिशावर गेला. खिशात पक्कड होती. ती घेतल्याशिवाय ते घराबाहेर पडतच नसत. ‘‘पक्कड वर राहिली,’’ ते म्हणाले.

‘‘नाही आजोबा, खिशात आहे ना!’’ भिंगरी मदतीला धावली. ‘‘मघाशी पाळण्यात मला टोचली.’’

मुकादमानं हात पुढे केला. ‘‘द्या.’’

आता खोटं बोलायला जागा राहिली नव्हती. वयवाल्यांनी खिशातली पक्कड मुठीत घट्ट धरली. बुटातला आखूड पाय ठणकत होता, जसा तो छत पडलं त्या दिवशी ठणकला होता.

‘‘नाही देत.’’

‘‘काय?’’

‘‘नाही देत म्हटलं. ही पोरगी उंच आहे. कायद्यानं मोजलीय. तुमच्या थरात नाही मावत. वर नेतो.’’

‘‘म्हातारपणी चळ लागलाय का?’’ मुकादम त्यांच्या अंगावर गेला. ‘‘लेकीची खोली आज संध्याकाळच्या आत रिकामी करीन. पुन्हा एक जोड तुमच्याकडून घेऊ देणार नाही कुणाला. आणा इकडे ती पक्कड!’’

आजोबांवर कुणी ओरडलेलं भिंगरीनं कधी पाहिलं नव्हतं. तिला वाटलं, वय निघत नाही म्हणून काका रागावलेत. भांडण मिटवायला म्हणून ती म्हणाली, ‘‘मुकादमकाका, सगळ्यांनी काढलीत, तुम्ही पण काढा ना तुमचं वय. तुमचं निघतं सहज. मी बघितलंय, आजोबांनी फडक्यानं झाकून ठेवलंय एक.’’

धोबिणीच्या मुलानं पट्टा बांधता बांधता मुकादमाच्या पायांकडे पाहिलं. मग तो फिसकन हसला. मग जवळच्या बोगद्यातलं कुणी हसलं, मग त्याच्या पुढच्या बोगद्यातलं. ज्यांनी ऐकलं नव्हतं त्यांनी विचारलं, ज्यांनी ऐकलं होतं त्यांनी सांगितलं, आणि ते हसू रांगत रांगत पार आतपर्यंत गेलं. मुकादम आपल्या पायांकडे बघायचं नाही असा निश्चय करून उभा होता.

‘‘वर न्या ही ब्याद!’’ तो किंचाळला. ‘‘दोघंही चालते व्हा!’’

ते चालते झाले.

मुकादम शब्दाचा पक्का निघाला. उन्हं कलायच्या आत लेक, जावई, गाद्या, पातेली, सगळं मोच्याच्या दुकानात येऊन पडलं. जावई चामड्याच्या ढिगाला टेकून खोकत होता. लेक बापाशी बोलत नव्हती. बोलायचं असलं की आईला सांगत होती. ‘‘आई, त्यांना विचार, आता पाय कुठं पसरायचे?’’

‘‘अहो, ती विचारतेय, पाय कुठं पसरायचे.’’

‘‘ऐकलं मी.’’

वयवाल्यांनी भिंगरीला स्टुलावर बसवलं आणि पक्कड लावून एकेक रिव्हेट काढला. बूट निघाले तसे आतून गुलाबी, घामेजलेले, दहाच्या दहा बोटं असलेले पाय बाहेर आले. बायको बघत होती.

‘‘कळलं का,’’ ती म्हणाली, ‘‘तळ का झिजत नव्हते ते?’’

‘‘तुला ठाऊक होतं?’’

‘‘मी पोरांचे पाय बघत होते. तुम्ही बूट बघत होतात.’’

त्यानंतर वस्तीनं वयवाल्यांचं कौतुक वगैरे केलं असेल, अशी कुणाची समजूत असेल तर त्यानं वस्ती पाहिलेली नाही. लोक चिडले. म्हाताऱ्यानं आपल्या नातीपुरतं शहाणपण दाखवलं आणि आमच्या पोटावर पाय आणला म्हणाले, आणि ते काही अगदीच खोटं नव्हतं. पलीकडच्या गल्लीतल्या मोच्याकडे रांग लागली. तो पुठ्ठा भरत होता. वयवाल्यांच्या दुकानापुढे माशी फिरकेना.

तिसऱ्या दिवशी धोबीण आली. मुलाला पुढे ढकलत आली आणि त्याचे जुने बूट तिनं फर्म्यापाशी आपटले.

‘‘याला न निघणारे करून द्या.’’

वयवाल्यांनी मान वर केली. ‘‘बाई, खाली उतरवून लगेच परत पाठवतील. तुमची खोली जाईल. माझ्या लेकीचं बघताय ना, गुडघे पोटाशी घेऊन झोपते.’’

‘‘जाऊ दे. दोन बोटं गेलीत त्याची. खोलीत राहून ती काय उगवणार आहेत परत?’’ तिनं आजूबाजूला पाहिलं. ‘‘आणि इथं तुमच्या भिंतीपलीकडे जागा आहे की. ताडपत्री टाकू. कपडे काय, कुठंही धुता येतात.’’

लेक इतक्या दिवसांत पहिल्यांदा बापाकडे बघून बोलली. ‘‘बाबा, स्टूल द्या त्यांना.’’

वयवाले उठले. चामड्याचा ढीग पाहिला; त्याला जावई टेकला होता, आणि खाली होते ते तुकडे पातळ होते. नवं चामडं आणायची सोय राहिली नव्हती. त्यांची नजर कोपऱ्यातल्या फडक्यावर गेली. त्यांनी फडकं काढलं, मुकादमाचा जोड उचलला, रापीचं पातं घातलं आणि टाचेचे थर एकेक करून सोलायला सुरुवात केली. उत्तम चामडं होतं. त्यांनीच निवडलेलं.

भिंगरी गिरकी थांबवून बघत राहिली. ‘‘आजोबा! मग पायातलं वय फाटल्यावर मुकादमकाका काय घालणार? त्यांचं डोकं दांडीला लागायचं नाही.’’

वयवाल्यांच्या तोंडात खिळे होते. उत्तर आजीनं दिलं, दोऱ्याला पीळ देत.

‘‘त्यात काय एवढं? घरी जातील आणि वाढतील.’’